कंस सोडवताना पोरगा दरवेळी तिथंच का घसरतो? (बीजगणित, आठवी)

बोरीकाठची
राम राम मंडळी. एरवी मी पाककृती विभागातच असते, आज गणितासाठी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आण्डोर (मुलगा) आठवीला आहे, सेमी इंग्रजी. काल त्याची चाचणीची वही हातात आली. तीन गणितं जशीच्या तशी देते. (मोबाइलवर मराठीतून मधेच इंग्रजी अक्षर टाकायचं म्हणजे कटकट, म्हणून आपल्या काळातला क्ष वापरते.)

५(क्ष + ४) = ५क्ष + ४
७ − २(क्ष − ३) = ७ − २क्ष − ६ = १ − २क्ष
(क्ष + ५)² = क्ष² + २५

तिन्हींवर लाल फुल्या. गंमत म्हणजे नियम विचारले तर घडाघडा म्हणतो. 'कंसाबाहेर वजा असेल तर आतली चिन्हं बदलायची', 'अ वर्ग अधिक दोन अब अधिक ब वर्ग', सगळं पाठ. का बदलायची म्हटलं तर "असंच असतं मम्मी, क्लासच्या सरांनी चौकटीत लिहून दिलंय." चौकट खरंच आहे, लाल शाईत, तीनदा अधोरेखित केलेली. तिच्याच खालच्या ओळीत पहिली चूक.

मी बीकॉम. आमच्या बियाणं-खताच्या दुकानाचे हिशोब मीच बघते, आकड्यांची भीती नाही. पण हे समजावायला बसले की माझ्याही तोंडून "असंच असतं" निघतं. नियम नकोत, ते घरात भरपूर आहेत. त्याच्या डोक्यात बसेल असं काही असेल तर सांगा.

धुळ्याचा_धूमकेतू
+१. आमच्याकडे हीच बोंब, फक्त पोरगी आहे आणि नववीला आहे. वाचतोय.

काट्यावरचा
ताई, माझ्या वडिलांची आडत होती. शाळेच्या सुट्टीत मी काट्याजवळ वही घेऊन बसायचो. पहिल्या गणितावर मला जे माहीत आहे ते सांगतो.

मक्याचे कट्टे आलेत. काट्यावर प्रत्येकाचं वजन भरलं ५१ किलो. त्यात बारदान, म्हणजे रिकामी गोणी, १ किलो धरा. असे १२ कट्टे. शेतकऱ्याला पैसे कशाचे द्यायचे? १२(५१ − १). आता तुमचा मुलगा त्याच्या पद्धतीने करेल १२ × ५१ − १, म्हणजे ६११ किलो. म्हणजे बारा कट्ट्यांतून एकाच कट्ट्याचं बारदान कापलं, बाकीच्या अकरा गोण्या व्यापाऱ्याने मक्याच्या भावाने विकत घेतल्या. खरा हिशोब ६१२ − १२, म्हणजे ६००.

बारदान कापताना कंस चुकलेला व्यापारी मी आजवर पाहिला नाही. एकही नाही. आठवी नापास असला तरी.

कंस म्हणजे कट्टा. बाहेर १२ लिहिलं म्हणजे अख्खा कट्टा बारा वेळा आला. आत जे जे आहे ते सगळं बारा वेळा आलं, मकाही आणि गोणीही. पोराला एवढंच विचारा, "गोणी किती आल्या?"

बोरीकाठची
माय वं! हे आत्ता ताटावर बसल्या बसल्या विचारलं. १२ कट्ट्यांचं लगेच बरोबर सांगितलं. मग ५(क्ष + ४) पुन्हा दिलं तर म्हणाला, "म्हणजे पाच कट्टे, प्रत्येकात क्ष आणि चार." आणि ५क्ष + २० लिहिलं. पेन खाली ठेवून माझ्याकडे असं बघितलं की हे तर आधीच सांगायचं ना!

दुसऱ्यावर मात्र गाडी अडली. वजा दोन कट्टे म्हणजे काय, म्हणतो. आणि मलाही सांगता येईना.

खडूवाला
मी एकतीस वर्षं हेच शिकवलं, आता निवृत्त. काट्यावरचा यांचं उदाहरण झकास. वजाकडे येतो, पण आधी एक आडवळण. ताई, तुमच्या मुलाला 'कंचेभागुबेव' पाठ आहे का? कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. पाचवी-सहावीत आम्हीच हे डोक्यात घालतो. आधी कंस सोडव. २(३ + ४) म्हटलं की पोर आधी सात करतं, मग चौदा. उत्तर बरोबर, सगळे खूश.

मग बीजगणित येतं आणि समोर २(क्ष + ४). पोर आज्ञाधारक असतं. कंस आधी सोडवायचा म्हणून बसतं आणि अडकतं, कारण क्ष आणि ४ यांची बेरीज पुढे होतच नाही. मग काहीतरी करायलाच हवं म्हणून ते करतं ४क्ष. त्याची दुप्पट ८क्ष. ही चूक मी किती वह्यांत पाहिली असेल याची गणती नाही. पोरं मठ्ठ असतात म्हणून ती होत नाही. आम्ही आधी एक सांगितलं आणि नंतर दुसरंच करायला लावलं, म्हणून होते.

आतली बेरीज करता येत नसेल तर बाहेरचा गुणक आत पाठवता येतो, ही नवी सोय आहे. पुस्तकात तिला वितरण गुणधर्म म्हणतात. हे 'नवीन काहीतरी आहे' असं म्हणून शिकवलं पाहिजे. आपण ते जुन्याच नियमाचं शेपूट असल्यासारखं उरकतो.

आता वजा. ७ − २(क्ष − ३). सगळं शेकड्यात धरा. मुलाच्या खिशात ७०० रुपये आहेत. सेल लागलाय. शर्टाची छापील किंमत क्षशे रुपये, प्रत्येक शर्टावर ३०० सूट. दोन शर्ट घेतले. खिशात काय उरलं?

छापील किंमत ५०० धरा. एक शर्ट पडला २०० ला, दोनचे ४००, उरले ३००. आता दुसऱ्या वाटेनं जा. दुकानदाराने आधी छापील किंमतच घेतली, दोनचे १०००. सातशे तर जवळ होते, म्हणजे ३०० उधारी झाली. मग त्याला सूट आठवली, त्याने दोन शर्टांचे ६०० परत दिले. उधारी फिटून ३०० उरले. सूट परत आली, म्हणून अधिक. ७ − २क्ष + ६.

तुमच्या मुलाने काय केलं ते बघा: ७ − २क्ष − ६. म्हणजे दुकानदाराने सूट दिलीच नाही, उलट सुटीचे सहाशेही त्याच्याकडूनच वसूल केले. असल्या दुकानात तो परत जाईल का, विचारा त्याला.

धुळ्याचा_धूमकेतू
सर, असं एक दुकान माझ्या माहितीत आहे. नाव घेत नाही. हलके घ्या.

केळीवाला_रावेर
मी गणितातला माणूस नाही भो, बारावीला बसलो तेवढंच. पण ताईंच्या तिसऱ्या गणितावरून मले माझीच फजिती आठवली.

तीन वर्षांमागची गोष्ट. पाच बाय पाच फुटांवर केळीची टिश्यू कल्चरची रोपं लावायची होती. आधीच्या आखणीत ४० ओळी होत्या, ओळीत ३० खोडं. म्हणजे १२०० रोपं, तेवढी ऑर्डर देऊन झाली. मग शेजारचा बांध सरळ केला आणि थोडी जागा निघाली. चार ओळी वाढल्या आणि प्रत्येक ओळ दोन खोडांनी लांब झाली. मी ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या हिशोब केला. चार ओळी वाढल्या, चार त्रिक बारा, १२० रोपं. चाळीस ओळींत दोन-दोन वाढली, ८० रोपं. झाले २००. फोन करून २०० जास्तीची सांगितली.

लावणी झाली. संध्याकाळी सालदार म्हणतो, दादा, उत्तरेचा कोपरा रिकामा राहिला. मी म्हटलं रोपं मेली असतील गाडीत. तो म्हणे मेलं एकही नाही, कमीच आली. जाऊन मोजलं तर आठ खड्डे रिकामे.

नर्सरीवाल्याला फोन करून भांडलो. तो बिचारा म्हणे मी तर चौदाशे मोजून दिली. रात्री अंथरुणात ट्यूब पेटली. ज्या चार नव्या ओळी आल्या, त्यादेखील दोन खोडांनी लांब होत्या ना! चार दुणे आठ. ते मी कशातच धरलं नव्हतं.

४४ × ३२ = १४०८. माझे १४००.

आठ रोपांसाठी कोण गाडी पाठवणार? महिन्याने शेजाऱ्याच्या उरलेल्यातून आणून लावली.

खडूवाला
केळीवाले भाऊ, तुम्ही गणितातला माणूस नाही म्हणता आणि द्विपदींचा गुणाकार शेतात आखून दाखवता. मी हीच आकृती फळ्यावर काढून दमायचो.

बोरीकाठचीताई, पाटीवर चौकोन काढा. आडवा क्ष, त्याला जोडून ५. उभा क्ष, त्याला जोडून ५. चार वावरं होतात. मोठं वावर क्ष², कोपऱ्यातलं लहान २५, आणि मधे दोन पट्ट्या, प्रत्येकी ५क्ष. तुमच्या मुलाने मोठं वावर आणि कोपरा धरला आणि दोन्ही पट्ट्या सोडून दिल्या. केळीवाल्यांनी पट्ट्या धरल्या आणि कोपरा सोडला. पोरं कोपरा क्वचित विसरतात, पट्ट्या हटकून विसरतात. कारण 'वर्ग कर' म्हटलं की डोळ्यांना दोनच वस्तू दिसतात, क्ष आणि ५. शेतात उभा माणूस उलटं चुकतो, त्याला पट्ट्या डोळ्यांसमोर दिसतात.

सूत्रातलं 'दोन अब' म्हणजे या दोन पट्ट्या. दोन का, तर एक उजवीकडे आणि एक खाली.

बोरीकाठची
पट्ट्या काढल्या. क्ष² + १०क्ष + २५. बघितलं आणि म्हणाला, "मग हे सूत्र पाठ कशाला करायला लावलं?" मी काय बोलू. केळीवाले दादा, तुमच्या रिकाम्या कोपऱ्यावर तो मात्र पोट धरून हसला, माफ करा.

केळीवाला_रावेर
हसू द्या हो. सालदार अजून हसतो.

गौताळ्याची_वाट
एवढा वेळ गप्प होतो, आता राहवत नाही. चाळीसगावचा असल्यामुळे हक्क आहे. पाटणादेवीला जाताना जे पाटण लागतं, ते आणि भास्कराचार्य हे नातं खानदेशात सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यांनी नेमकं काय लिहिलं हे विचारलं की शांतता.

हे कंस सोडवणं त्यांच्या लीलावतीत गुणाकाराच्या पहिल्याच उदाहरणात आहे. कंस नाहीत, कल्पना तीच. उदाहरण १३५ गुणिले १२. एक रीत अशी की बाराचे तुकडे करा, ८ आणि ४. १३५ आठे १०८०, १३५ चोक ५४०, बेरीज १६२०. दुसरी अशी की बारात आठ मिळवून वीस करा, सोपा आकडा. १३५ × २० = २७००, त्यातून जास्तीची आठपट १०८० काढून टाका, पुन्हा १६२०. म्हणजे १३५(८ + ४) आणि १३५(२० − ८). काट्यावरचा यांचं बारदान या दुसऱ्या रीतीत अलगद बसतं.

आणि वर्गासाठी तिथे ओळ आहे, 'खण्डद्वयस्याभिहतिर्द्विनिघ्नी'. दोन तुकड्यांच्या गुणाकाराची दुप्पट, तीत त्या तुकड्यांच्या वर्गांची बेरीज मिळवा, झाला वर्ग. लक्षात घ्या, त्यांनी दुप्पट आधी सांगितली. पोरं जे विसरतात नेमकं तेच पहिल्यांदा.

बीजगणितात आपल्या क्षला ते यावत्-तावत् म्हणत, लिहिताना नुसतं 'या'. सुट्या संख्येला 'रू'. वजा चिन्ह नव्हतं, ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब द्यायचे. म्हणजे क्ष − ३ हे 'या १ रू ३' आणि तीनवर टिंब. वजा ही करायची क्रिया नाही, त्या तीनलाच चिकटलेला गुण आहे. पोराला हे दाखवा. आपल्याकडे ते वजा दोन पदांच्या मधे लोंबकळतं, म्हणून कोणाचं ते कळत नाही.

जुनीपोथी
भास्कराचार्यांना चाळीसगावचं करून टाकायची घाई नको. ते स्वतः गावाचं नाव विज्जडविड सांगतात, सह्याद्रीच्या आश्रयाला. ते नेमकं कुठलं यावर वाद आहे, काही जण विजापूर म्हणतात.

गौताळ्याची_वाट
जन्मगाव पाटण असं मी म्हटलेलंच नाही, वर पुन्हा वाचा. नातं म्हटलंय. पाटणचा शिलालेख शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०६-०७. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, निकुंभ राजाने त्याला दान दिलं. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाडांनी हा लेख उजेडात आणला. त्याचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे आणि त्यात पाटणच्या बाजारात विक्रीला येणाऱ्या मालावरचं उत्पन्न मठाला लावून दिलंय. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात बीजगणिताची शिकवणी आडतीच्या पैशावर चालायची. विजापूर विजापूर करायचं तर खुशाल करा.

जुनीपोथी
शिलालेखावर वाद नाहीच.

धुळ्याचा_धूमकेतू
धाग्याचा काश्मीर व्हायच्या आत कोणीतरी क्षकडे वळा. पोरीची परीक्षा सोमवारी आहे.

तर्कट
मी वळवतो, आणि थोडा विरोधही करतो.

गोण्या, शर्ट, वावर सगळं छान आहे. पण (−३)(−४) ला कुठला शर्ट आणणार? ऋणाच्या ऋणाची गोष्ट रचायला गेलं की ती गोष्टच गणितापेक्षा अवघड होऊन बसते. दर गणिताला एक कथा जोडली तर पोराला शर्ट लक्षात राहतो आणि क्ष उडून जातो.

इथे कंसच कामाला लावा. (४ − ४) म्हणजे शून्य, हे पोर मानतं. मग −३(४ − ४) हेही शून्यच. आता कंस सोडवा. पहिलं पद −३ × ४ = −१२, यातही वाद नाही. दुसरं पद −३ गुणिले −४. एकूण शून्य यायला हवं, आणि −१२ तर आधीच बसलंय. मग दुसरं पद +१२ सोडून काय असणार? वजा वजा अधिक हा कोणी दिलेला हुकूम नाही. कट्ट्याचा नियम ऋण संख्यांनाही लागू ठेवायचा ठरवला तर दुसरं काही निघूच शकत नाही.

दुसरी गोष्ट, आणि ही गोष्टींपेक्षा कामाची. उत्तर तपासायची सवय लावा. ७ − २(क्ष − ३) मध्ये क्षच्या जागी कोणताही आकडा टाका, उत्तरातही तोच टाका. दोन्हीकडे सारखं आलं नाही तर चूक पक्की. मुलाच्या १ − २क्ष मध्ये ५ टाकला तर −९, मूळ गणितात टाकला तर ३. अर्ध्या मिनिटात स्वतःची चूक स्वतः पकडता येते, लाल फुलीची वाट बघावी लागत नाही.

खडूवाला
तर्कट यांच्याशी निम्मा सहमत. तपासणी हवीच, पण 'कोणताही आकडा' यात मेख आहे. पोरं सोपा आकडा टाकतात, म्हणजे शून्य. (क्ष + ५)² मध्ये शून्य टाका, २५. क्ष² + २५ मध्ये टाका, २५. दोन्ही सारखे! पोर खूश होऊन चुकीचं उत्तर पक्कं करतं. माझ्या वर्गात हे झालंय, एका मुलीने तपासणी करून दाखवली आणि मी फळ्यापाशी दोन मिनिटं गप्प उभा होतो.

शून्य टाकलं की दोन्ही पट्ट्यांची लांबी संपते, विसरलेलं काही उरतच नाही. दोनसुद्धा टाळा, दोनाचा वर्गही चार आणि दुप्पटही चार, क्ष² आणि २क्ष यांची अदलाबदल लपून जाते. ३ किंवा ७ टाका. जमल्यास दोन वेगवेगळे आकडे.

गोष्टींबद्दल म्हणाल, तर पोर उभं राहीपर्यंतच पांगुळगाडा. पण तो नकोच असं म्हणू नका.

तर्कट
शून्याचा मुद्दा मान्य. वरचं 'कोणताही' मागे घेतो.

बोरीकाठची
आठ दिवस झाले, म्हटलं काय झालं ते सांगावं.

७ − २(क्ष − ३) आता हमखास बरोबर येतं, पण तो शर्टाने करत नाही. गौताळ्याची_वाट यांचं टिंब त्याने उचललं. प्रत्येक ऋण पदाच्या डोक्यावर पेन्सिलीने टिंब देतो आणि म्हणतो, वजा दोन हा एकच माणूस आहे, तो आत जाऊन दोघांना भेटतो. टिंबाला टिंब भेटलं की दोन्ही पुसतो. वहीत टिंबंच टिंबं झालीत, सर ओरडतील म्हटलं तर म्हणे आधी पेन्सिलीने करतो, मग खोडतो.

(क्ष − ५)² वर मात्र तासभर गेला. वावर कसं काढायचं तेच कळेना. शेवटी त्याच्या पप्पांनी सोडवलं. म्हणाले, वीस बाय वीसचं वावर आहे आणि दोन बाजूंनी दोन-दोन रस्त्यात गेलं समज. एका बाजूचे ४० गेले, दुसऱ्या बाजूचे ४० गेले. पण कोपरा दोन्हीत मोजला, तो एकदाच गेलाय, म्हणून ४ परत दे. ४०० − ८० + ४ = ३२४, आणि अठराचा वर्गही ३२४. पोरगा म्हणाला, केळीवाल्या काकांचाच कोपरा, फक्त उलटा. त्यांनी शून्यदा मोजला आणि आपण दोनदा.

आता नवीन भानगड. काल वहीत हे सापडलं:

३(२ × क्ष) = ६ × ३क्ष = १८क्ष

विचारलं तर छाती काढून सांगतो, "बाहेरचा आत जाऊन सगळ्यांना भेटतो." मला हसावं की रडावं कळेना. एवढं समजलं की जास्तच समजलं.

काट्यावरचा
ताई, हे होणारच. नवा नियम हातात आला की पोरं दिसेल तिथं चालवतात.

कट्ट्यात मका आणि गोणी अशा दोन वेगळ्या वस्तू होत्या, मधे अधिक-वजा होतं. २ × क्ष मध्ये दोन वस्तू नाहीत. एकच वस्तू आहे, क्ष, ती दोनदा आहे. गुळाच्या डागात (गठ्ठ्यात) दोन ढेपी, प्रत्येक ढेप क्ष किलोची. असे तीन डाग. ढेपी किती? सहा. प्रत्येक ढेप अजून क्ष किलोचीच. डाग तीन झाले म्हणून ढेपी तिप्पट झाल्या, पण एकेक ढेप फुगून तिप्पट जड नाही ना झाली! ६क्ष.

मधे अधिक-वजा असेल तरच बाहेरचा सगळ्यांना भेटतो. मधे गुणिले असेल तर सगळे मिळून एकच माणूस, एकदाच भेटायचं.

खडूवाला
हे मी माझ्या एकतीस वर्षांत इतक्या नीट सांगितलं नव्हतं.

बोरीकाठची
ढेपीने काम झालं. क्ष = ७ टाकून तपासायला लावलं, स्वतःच म्हणाला १८क्ष म्हणजे १२६ आणि खरं तर ४२ यायला हवे, एवढा गूळ कुठून आला.

केळीवाले दादा, तुमच्यासाठी निरोप आहे. त्याला तो कोपरा बघायचाय. मी म्हटलं तीन वर्षांनी काय दिसणार तिथे.

केळीवाला_रावेर
दिसतो ना भो! ती आठ खोडं महिनाभर मागून लागली, तर पहिला घडदेखील महिनाभर मागून पडला. बाकी वावराची कापणी झाली आणि हे आठ तसेच उभे. व्यापारी आठ घडांसाठी गाडी थोडीच थांबवतो? गावातच वाटून टाकले. आता पिलबाग (जुन्या खोडांच्या पिलांची बाग) धरलीय, तरी तो कोपरा अजून मागंच चालतो, लांबून ओळखू येतो.

या रविवारी. पण सकाळी आठच्या आत या, नंतर ऊन झेपायचं नाही. वांग्याचं भरीत करतो. किती जण येणार ते आधी कळवा, मागच्या वेळी मोजण्यात गडबड झालेली.

बोरीकाठची
आम्ही चौघं आणि सासूबाई. कोपरा धरून पाच.